माझा विक्रम मोडू नये, असं वाटणं वाईट आहे का?

मावशी,

तुमचं सदर नेहमी वाचते, पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितेय. माझं वय ४५. परळच्या चाळीत वाढले, आता डोंबिवलीला असते. शाळेत मी आठशे मीटर धावायचे. नववीत असताना, डिसेंबर १९९५ मध्ये, शाळेच्या मैदानावर २ मिनिटं ३१.४ सेकंदांत आले आणि तो शाळेचा रेकॉर्ड झाला. आमचे पी.टी.चे सर पलीकडच्या वळणावर उभे राहायचे आणि एकच शब्द ओरडायचे, "हात!"

दहावीला, दिवाळीच्या सुट्टीनंतर, मी सरावाला जाणं बंद केलं. बाबांची गिरणी संपानंतर त्यांच्यासाठी कधी उघडलीच नाही. घर आईच्या खानावळीवर चालायचं आणि डबे पोहोचवायला कुणीतरी हवं होतं. शिवाय हाफ पँट घालून धावते म्हणून चाळीत बोलणं व्हायचं. सरांना मी काहीच सांगितलं नाही. ते दोनदा घरी आले. दोन्ही वेळा आईने "ती घरी नाही" म्हणून सांगितलं, आणि मी पोटमाळ्यावर बसून ऐकत होते.

आता शाळेतून फोन आला. या डिसेंबरात शाळेची स्पर्धा प्रियदर्शिनी पार्कच्या ट्रॅकवर आहे. पी.टी.च्या खोलीबाहेरच्या फलकावर माझा रेकॉर्ड अजून आहे, म्हणून आठशेची पदकं मी द्यायची असं ठरलंय. पण यंदा नववीतली एक मुलगी सरावात २.३२ पर्यंत आली आहे. बाई आनंदाने म्हणाल्या, "तुमच्यासमोरच मोडेल बघा!" मी "वा, छान" म्हटलं, फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. मावशी, मला तो मोडायला नको आहे. एका शाळकरी मुलीचं वाईट चिंतणारी बाई झाले का मी?

सरही येणार आहेत. घरी कुणालाच माहीत नाही की मी धावायचे. लग्नात नावही बदललं. २०१६ मध्ये १५ ऑगस्टच्या संध्याकाळी ललिता बाबर रिओ ऑलिंपिकची फायनल धावली, तेव्हा मी टीव्हीसमोर उभी होते. हे म्हणाले, "बस की." मुलगी अकरावीत आहे, तिलाही कधी सांगितलं नाही. स्पर्धेत माजी विद्यार्थ्यांची शंभर मीटर शर्यतही आहे, त्यात धावावं असंही मनात येतं. जाऊ, की काहीतरी कारण सांगू?

– परळची, आता डोंबिवलीची

*

तू मला मावशी म्हणालीस, म्हणून मीही एकेरीतच लिहिते.

जा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. कारण सांगून टाळलंस, तर त्या दिवशी तू घरात असशील खरी, पण आठशे सुरू झाली असेल का म्हणून सारखी घड्याळाकडे बघत राहशील. तेव्हा जायचं हे धरूनच चालू. कसं जायचं, यावर मात्र मला बरंच बोलायचं आहे.

आधी त्या गोष्टीबद्दल, जिची तुला सगळ्यात जास्त लाज वाटते आहे. मी शाळेत शिकवायचे आणि सतरा वर्षं आंतरशालेय स्पर्धांना स्टॉपवॉच घेऊन अंतिम रेषेपाशी उभी राहिले. रेकॉर्ड मोडला की माइकवरून जाहीर होतं, टाळ्या पडतात, आणि आधीचा रेकॉर्ड कुणाचा होता ते त्याच दमात घाईघाईने सांगितलं जातं. ते नाव ज्याचं असतं, त्याच्या पोटात त्या क्षणी काहीतरी हलतंच. आपला आकडा राहावा ही धावणाऱ्याची भूकच आहे. ती नसती, तर नववीतल्या त्या परळच्या मुलीने शेवटच्या शंभर मीटरला जीव काढलाच नसता. त्या मुलीचा पाय मुरगळावा, तिला ताप यावा, असं तुझ्या पत्रात कुठेही नाही. तू तिचं वाईट चिंतलेलं नाहीस. तुला तुझं नाव राहायला हवं आहे, आणि ते मी समजू शकते.

विक्रम किती दिवस टिकावा याचा काही नियम नसतो. तुझ्या आठशेचंच बघ. बायकांचा जागतिक विक्रम चेकोस्लोव्हाकियाच्या यार्मिला क्राटोखव्हिलोव्हाने १९८३ मध्ये म्युनिकला केला, १ मिनिट ५३.२८ सेकंद. चाळीस वर्षं उलटून गेली, तो तिथेच आहे. आपल्याकडे शायनी विल्सनने १ मिनिट ५९.८५ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, तोही तुझ्याच वर्षी, १९९५ मध्ये. तो पंधरा वर्षं टिकला आणि २०१० मध्ये टिंटू लुकाने १ मिनिट ५९.१७ मध्ये येऊन मोडला. टिंटूला घडवलं होतं पी. टी. उषाने, म्हणजे शायनीच्याच काळात, तिच्याबरोबर भारतासाठी धावलेल्या बाईने. उषा स्वतः १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने कांस्यपदकाला मुकली होती. आकड्यांचं दुखणं तिच्याइतकं जवळून कुणी पाहिलं असेल? आणि तरी तिने आयुष्याची पुढची वर्षं दुसऱ्या मुलींच्या हातात घड्याळाचे आकडे ठेवण्यात घालवली.

आता तुझ्या आकड्याबद्दल, कारण तो कसा तयार झाला हे मला माहीत आहे. शाळेच्या मैदानावर फक्कीने आखलेला गोल असायचा, तुमचाही बहुधा दोनशे मीटरचाच. त्यावर आठशे म्हणजे चार फेऱ्या आणि आठ वळणं. वळणही आखूड, त्यामुळे प्रत्येक वेळी अंग बाहेर फेकलं जातं आणि मातीत पाय सटकतो. प्रियदर्शिनी पार्कला चारशे मीटरचा सिंथेटिक ट्रॅक आहे. तिथे आठशेला दोनच फेऱ्या, चार ऐसपैस वळणं, आणि पायाखालचा रबर पाऊल परत उचलून देतो. वेळ घ्यायची आमची रीत अशी: पिस्तुलाचा आवाज ऐकून नव्हे, धूर दिसला की घड्याळ सुरू करायचं, मुलीचं डोकं किंवा हात नव्हे, छाती रेषेवर आली की थांबवायचं. एकीची वेळ तिघांनी घ्यायची आणि तिन्ही वेगळ्या आल्या तर मधली धरायची. शंभरावा भाग दिसला तर पुढच्या दहाव्या भागावर न्यायचं, कधीच मागे नाही. म्हणजे तुझे ते ३१.४ तुझ्या अंगातून जेवढे आले, त्याहून कदाचित एखाद्या केसाने जास्तच लिहिले गेले असतील.

हे सगळं तुला सांगितलं, कारण तुला ते कुणीतरी सांगायला हवं होतं. तू जे धावलीस ते अवघड होतं. पण मैदानावर हे एका शब्दानेही बोलू नकोस. "आमच्या वेळी माती होती, असला ट्रॅक कुठे होता" हे वाक्य मी चांगल्या चांगल्या जुन्या खेळाडूंच्या तोंडून ऐकलं आहे, आणि समोरच्या पोराचा चेहरा कसा उतरतो तेही पाहिलं आहे. त्या मुलीने ट्रॅक निवडलेला नाही, जसं तू मैदान निवडलं नव्हतंस.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी एका वाक्यापाशी थांबले. "लग्नात नावही बदललं." तू ते सरांच्या येण्याच्या आणि ललिता बाबरच्या मध्ये कुठेतरी लिहून पुढे गेलीस. पण मला वाटतं, त्या दिवशी स्वयंपाकघरात तू रडलीस ती याच वाक्यासाठी.

विचार करून बघ. तुझ्या आधार कार्डावर, बँकेच्या पासबुकावर, मुलांच्या शाळेच्या फॉर्मवर, डोंबिवलीच्या दारावरच्या पाटीवर, सगळीकडे दुसरं नाव आहे. ते नावही तुझंच, तुला ते आवडतही असेल. पण परळच्या चाळीत ज्या नावाने तुला हाक मारली जायची, तुझं आणि तुझ्या बाबांचं आणि माहेरच्या आडनावाचं ते सबंध नाव, आज चारचौघांना दिसेल असं फक्त एकाच जागी लिहिलेलं आहे. पी.टी.च्या खोलीबाहेर, लाकडी फलकावर, पांढऱ्या रंगाने. रेकॉर्ड मोडला की पेंटर येणार, टर्पेंटाइनच्या बोळ्याने ती ओळ पुसणार आणि वर नवीन नाव लिहिणार. मग ती मुलगी कुठे उरली, असं तुला वाटतं आहे.

याला आकड्याने उत्तर मिळणार नाही, म्हणून स्पर्धेच्या आधी काही गोष्टी कर.

एकदा शाळेत जा, आठवड्यातल्या एखाद्या दिवशी, दुपारी. फलकासमोर उभी राहा आणि फोटो काढून घे. मग बाईंशी बोल. रेकॉर्ड मोडल्यावर जुनी नावं जातात कुठे ते विचार. बऱ्याच शाळांत ती कुठेच जात नाहीत, पुसली जातात. त्यांना सुचव की एक जाड बांधणीची वही करा, प्रत्येक प्रकारात कोणत्या वर्षी कुणाचा किती रेकॉर्ड होता हे तीत उतरवा, आणि जुन्या फलकावरच्या ओळींपासून सुरुवात करा. वहीचा खर्च तू दे. तुझ्या एकटीसाठी मागतेस असं वाटून संकोचू नकोस. उद्या या मुलीचाही रेकॉर्ड कुणीतरी मोडणार आहे, आणि कदाचित तिचंही नाव तोवर बदललेलं असेल. बाईंनी नाही म्हटलं तर वाद घालू नकोस, फोटो तुझ्याकडे आहेच.

दुसरं, घरी सांग. स्पर्धेच्या सकाळी नाही, त्याच्या बऱ्याच आधी. रात्री जेवताना, आमटी वाढता वाढता सांगितलंस तरी चालेल: मी शाळेत आठशे मीटर धावायचे, माझा रेकॉर्ड अजून आहे, मला पदकं द्यायला बोलावलंय. फार प्रस्तावना करू नकोस. एवढी वर्षं का सांगितलं नाही, असं ते विचारतील. तेव्हा पोटमाळ्याची गोष्टही सांगून टाक. त्या संध्याकाळी "बस की" म्हणणाऱ्या माणसाला तू का उभी होतीस हे माहीतच नव्हतं, त्याबद्दल त्याला दोष देऊ नये. माहेरी ट्रंकेत प्रमाणपत्रं असतील तर ती आणून मुलीच्या हातात दे. अकरावीतल्या मुलीला आपली आई वेगळ्या नावाची, हाफ पँट घालून धावणारी मुलगी होती हे कळण्याचं हे अगदी योग्य वय आहे. तिला बरोबर ने. शाळेतला फलकही तिला दाखव, ओळ पुसली जायच्या आत.

आता सर.

सरांना मैदानावर पहिल्यांदा भेटू नकोस. तिथे मांडव असतो, माइक असतो, जुने विद्यार्थी पायाला हात लावायला रांग लावतात, आणि प्रत्येकाच्या मोबाइलचा कॅमेरा चालू असतो. तुझ्या मनात जे आहे ते त्या गर्दीत बोलता येणार नाही, आणि बोललीस तर त्याचा तमाशा होईल. शाळेतून पत्ता घे, फोन करून एखाद्या रविवारी घरी जा. शाल-श्रीफळ नको, फळं ने. आणि गोष्ट सरळ सांग: "सर, तुम्ही दोनदा आलात तेव्हा मी वर पोटमाळ्यावर होते." त्याच्यापुढे माफीची मोठी वाक्यं जोडू नकोस.

मला वाटतं, त्यांना तेव्हाच कळलं असेल. चाळीच्या खोलीत पोटमाळ्यावरचं कुस बदललेलंही खाली ऐकू येतं. आणि दहावीची मुलगी दिवाळीनंतर सरावाला येईनाशी झाली, की का येईनाशी झाली हे पी.टी.च्या शिक्षकांना बहुतेक वेळा ठाऊक असतं. पण मी चुकतही असेन. ते इतक्या वर्षांनी चिडून बोलू शकतात. किंवा तू त्यांना आठवणारही नाहीस, एवढ्या मुली त्यांच्या हाताखालून गेल्या असतील. दोन्हीची तयारी ठेवून जा. आठवण नसेल तर त्यांना वळणावरचं "हात!" आठवतं का विचार, आणि त्या एका शब्दाचे आभार मानून ये. तेवढ्यासाठी गेलीस तरी पुरे.

इथे मला माझंही एक सांगायचं आहे. मी शिकवत असताना माझ्या वर्गातली एक मुलगी, लांब उडीत जिल्ह्यापर्यंत पोहोचलेली, अशीच एका दिवाळीनंतर मैदानावर दिसेनाशी झाली. शाळेत यायची, मागच्या बाकावर बसायची, माझी नजर चुकवायची. मी तिच्या घरी एकदाही गेले नाही. परीक्षेचं वर्ष आहे, घरचे म्हणतील ते बरोबर, असं स्वतःला सांगितलं. तुझे सर दोनदा आले. ते दोनदा जिना चढून आले हे तू विसरलेली नाहीस, यावरून मला कळतं की मी काय करायला हवं होतं.

चाळीतल्या त्या बोलण्याबद्दल थोडंसंच. बायकांनी आठशे धावू नये असं एके काळी फक्त परळला वाटत नव्हतं. १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांची आठशे झाली, ती संपल्यावर काहीजणी दमून आडव्या झाल्या म्हणून केवढा गहजब झाला, आणि ती शर्यतच काढून टाकली. परत आली १९६० मध्ये, रोमला. बत्तीस वर्षं! दमलेले पुरुष तर प्रत्येक शर्यतीनंतर आडवे होतच होते. तुझी आई खानावळीच्या चुलीपुढे उभी राहून एकटीने काय काय अडवू शकणार होती? तिने दारात खोटं सांगितलं, ते तुला दोन्हीकडून वाचवायला सांगितलं असावं, असं मला वाटतं. पण तिला तू ओळखतेस, मी नाही.

शंभर मीटरच्या शर्यतीला माझं स्पष्ट नाही आहे. या वर्षी नाही. माजी विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या शर्यतीत मी किती जणांना चाळिसाव्या मीटरला मांडीमागे हात लावून कोसळताना पाहिलंय. मनाला जुना वेग आठवत असतो, स्नायूंना नाही. एवढ्या वर्षांनी थंड शरीराने पिस्तुलाच्या आवाजावर सुटलीस तर मांडीमागचा स्नायू फाटेल, नाहीतर टाचेवरची शीर. धावायचंच असेल तर आधी डॉक्टरकडून रक्तदाब आणि साखर तपासून घे. मग महिनाभर नुसतं भरभर चाल, रोज अर्धा तास. त्यानंतर दोन मिनिटं हळू धाव, दोन मिनिटं चाल, असं आठवड्यातून तीनदा. तीन-चार महिने हे नीट जमलं, की मऊ मातीवर साठ-सत्तर मीटर लांब पावलं टाकत धावून बघ, पूर्ण जोराने नाही. पुढच्या डिसेंबरात शंभर मीटर धाव, मला कळव, मी बघायला येईन. खरंच येईन.

आता त्या दिवसाचं. ग्रँट रोडला उतरून टॅक्सी करा. डिसेंबर असला तरी दहानंतर त्या ट्रॅकवर ऊन चटका देतं, टोपी आणि पाणी घ्या. तुला मांडवात पाहुण्यांच्या खुर्चीवर बसवतील. थोडा वेळ बस, मान ठेव. पण आठशेची मुलं-मुली रेषेकडे जायला लागली की बाईंना सांगून ऊठ, आणि कुंपणाच्या बाहेरून चालत पलीकडे जा, अंतिम रेषेच्या तिरप्या समोरच्या कोपऱ्यात, जिथे दोनशे मीटरची शर्यत सुरू होते तिथे. आठशेत ती जागा दोनदा येते, दोनशेला आणि सहाशेला. सहाशेला काय होतं हे मी तुला सांगायला नको. पहिल्या फेरीची घंटा मागे पडलेली असते, टाळ्यांचा मांडव ट्रॅकच्या दुसऱ्या टोकाला असतो, पाय शिशाचे होतात, आणि अजून एक सबंध वळण आणि सरळ पट्टा बाकी असतो. तिथे कुणी उभं नसतं. पालक नसतात, मैत्रिणी नसतात, सगळे अंतिम रेषेपाशी गर्दी करून असतात. तुझे सर त्या जागी का उभे राहायचे, हे तुला आता माझ्याहून चांगलं कळेल. बाहेर उभं राहून ओरडायला नियमाची आडकाठी नाही; ट्रॅकच्या कडेने तिच्याबरोबर पळायला आहे, तेवढं करू नकोस.

शर्यत संपेपर्यंत तिथेच थांब. निकाल माइकवर ऐक. रेकॉर्ड मोडला तर त्या क्षणी तिथे, कुंपणाशी, तू एकटी असशील. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे, कुणी बघणार नाही. मांडवात परत यायला पाच मिनिटं लागतात, तोवर चेहरा पुसून होईल. आणि मोडला नाही तर तुझा जीव भांड्यात पडेल. त्याचीही लाज धरू नकोस. फक्त त्या मुलीला "पुढच्या वर्षी नक्की" असं म्हणू नकोस. पुढच्या वर्षी ती दहावीत असेल, आणि दहावीची दिवाळी काय असते हे तुला माहीत आहे.

म्हणून पदक गळ्यात घालताना काहीही झालेलं असो, तिला एकच विचार: "पहिले चारशे कितीत आलीस?" हा प्रश्न तिला त्या दिवशी दुसरं कुणी विचारणार नाही, आणि ती तुला नीट उत्तर देईल, कदाचित भरभरून देईल. मग जमलं तर तिच्या घरच्यांशी दोन शब्द बोल. ठरावीक पातळीवर खेळलेल्या मुलांना दहावीला वाढीव क्रीडागुण मिळतात, हे अजून कितीतरी आईवडिलांना माहीत नसतं. नेमके नियम शाळेकडून समजून घ्या, एवढं त्यांच्या कानावर घाल. पाहुणी म्हणून आलेल्या बाईचं ते ऐकतील. तुझ्या खोलीत तसं सांगायला वर चढून कुणी आलं असतं आणि दार उघडलं गेलं असतं, तर काय झालं असतं हे मी सांगू शकत नाही. पण बोल.

आणि ती सहाशेच्या कोपऱ्यावर येईल तेव्हा काय ओरडायचं हे तुला ठाऊकच आहे. पाय संपले की पाय हलव म्हणून काही होत नाही, हात हलले की पाय मागून येतात. फक्त त्या आधी तिचं नाव घे. चेस्ट नंबराने हाक मारू नकोस, बाईंकडून तिचं नाव आदल्या दिवशीच विचारून ठेव. पूर्ण नाव, आडनावासकट.

– मावशी